मुलांच्या मानसिक आणीबाणीत काम करताना : रात्रीचा कॉल आणि नंतरचे नऊ फोन

ओसरी

गेली अकरा वर्षं मी एका सरकारी रुग्णालयात, मानसोपचार विभागात सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करतेय. जिल्हा सांगत नाही. ज्या मुलांबद्दल लिहितेय त्यांच्यापैकी एकाचंही घर कुणाला ओळखू येता कामा नये. तपशील बदलले आहेत, काही ठिकाणी दोन-तीन प्रसंग एकत्र केले आहेत.

आधीच एक विनंती. आत्महत्येच्या प्रयत्नात कुणी काय घेतलं, किती घेतलं, कसं केलं हे मी लिहिणार नाही. प्रतिसादांतही कुणी विचारू नका, लिहू नका. हा धागा कोण कुठल्या अवस्थेत वाचत असेल ते आपल्याला माहीत नसतं. वाचताना स्वतःलाच जड वाटायला लागलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

रानजाईने दुसऱ्या एका धाग्यावर विचारलं होतं, "लहान मुलांच्या सायकियाट्री इमर्जन्सीत नेमकं काम काय असतं? मी या क्षेत्रात यावं का?" दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून हा वेगळा धागा.

माझी ड्युटी सकाळी नऊ ते पाच. पण मी क्वार्टर्समध्ये राहते आणि पेशंट अठराच्या आतला असला की रेसिडेंट डॉक्टर रात्रीही मला फोन करतात. "ताई, कॅज्युअल्टीतून कॉल आहे. शुद्धीवर आलीये, पण कुणाशी बोलत नाही."

खाली गेल्यावर दिसतं ते साधारण असं. कॉटवर पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, हाताला सलाइन, तोंड भिंतीकडे. भोवती आठ-दहा माणसं. आई पायाशी, वडील उभे, मामा मोबाईलवर, एक चुलती रडतेय, एक चुलती आईला बोल लावतेय. केस एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी, असल्यामुळे जबाब घ्यायला हवालदार आलेले. वडील एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतात, "हिला विचारा, कुणासाठी केलंस."

माझं पहिलं काम म्हणजे ही गर्दी हलवणं. त्यात माझ्या शिक्षणाचा काही उपयोग होत नाही. वॉर्डातल्या मावशींचा होतो. "चला, चला, डॉक्टर राउंडला येणारेत," म्हणून त्या एका मिनिटात सगळ्यांना बाहेर काढतात, आईला तेवढं दाराशी थांबवतात. मग मी स्टूल ओढून कॉटच्या उंचीला बसते. उभं राहून बोललं की मूल परत भिंतीकडे वळतं. पहिला प्रश्न बहुतेक वेळा "तहान लागलीये का?" किंवा "पाय गार पडलेत का?" हाच असतो. पाणी द्यायचं की नाही ते डॉक्टरांना विचारूनच, पण पायांवर चादर घालायला कुणाची परवानगी लागत नाही. मग गप्प बसायचं. कधी दहा मिनिटं, कधी चाळीस. शिकाऊ मुलांना हेच सगळ्यात अवघड जातं. त्यांना वाटतं, इमर्जन्सी आहे म्हणजे भराभरा काहीतरी केलं पाहिजे. जे भराभरा करायचं असतं ते मेडिसिनच्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी आधीच केलेलं असतं.

आणि मग सरळ विचारायचं. "मरावंसं वाटत होतं का? आत्ता वाटतंय का?" एकदा दाराशी उभी असलेली आई धावत आत आली होती. "ताई, असलं विचारू नका हो, डोक्यात नसलेलं यायचं." तिला बाहेर नेऊन सांगितलं की विचारल्याने ही इच्छा येत नाही, वाढत नाही, हे बऱ्याच अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. उलट विचारलं नाही तर पोर ते एकटंच घेऊन बसतं. परत आत आले तर मुलगी माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "दिवाळीपासून वाटतंय." तेव्हा मार्च चालू होता.

पोलिसांबद्दल थोडं, कारण घरच्यांना सगळ्यात मोठी भीती तीच असते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायचं, तिला शिक्षा करायची नाही. हा कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं दंड संहितेचं जुनं कलम ३०९ तिच्यात ठेवलेलंच नाही. जबाब होतो, नोंद होते, पण मुलावर गुन्हा दाखल होत नाही. तरीही दहातली पाच घरं "चुकून झालं" असंच सांगतात. हवालदार चांगले असतील तर ते स्वतःच आईला म्हणतात, "ताई, पोरीवर काही केस नाही, खरं सांगा." अशा एका हवालदारसाहेबांनी माझं तासाभराचं काम एका वाक्यात केलंय.

येणारी सगळी मुलं याच कारणाने येतात असं नाही. आमच्याकडे "दातखीळ बसली" म्हणून मुली येतात. हात-पाय आखडतात, डोळे मिटतात, बोलणं बंद. गावात कांदा हुंगवून झालेला असतो, चप्पल हुंगवून झालेली असते, कधी देवरुषाचा अंगाराही लावलेला असतो. कॅज्युअल्टीत कुणीतरी "नाटक करतेय" म्हणतं आणि उठवण्यासाठी छातीवर बोटाची पेरं दाबतं. ती नाटक करत नसते. ज्या घरात तोंडाने बोलायची सोय नाही तिथे अंग बोलतं. मेंदूची खरी फिट नाही ना ते डॉक्टरांनी नीट तपासायचं, आणि नसेल तर गर्दी कमी करायची, धरून ठेवायचं नाही, घाबरायचं नाही, "हे थांबतं, आम्ही इथे आहोत" एवढं सांगायचं. एका मुलीला आठवड्यात चार वेळा आणलं होतं. पाचव्या वेळी तिची आजी म्हणाली, "हिची सोयरीक बघताय ती थांबवा, मग बघा." त्या घरात तिचा आजार फक्त आजीला कळला होता.

आता माझी जी मुख्य गोष्ट आहे ती.

दोन-तीन दिवसांत मूल शरीराने ठणठणीत होतं आणि घरचे डामा घेतात, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून घरी नेतात. "आता बरी आहे, गावात चर्चा नको." खरा धोका तिथून सुरू होतो. घरी गेल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात नाजूक असतात आणि नेमकं तेव्हाच त्या मुलाजवळ कुणी नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक अभ्यास केला होता, त्यात चेन्नईही होतं. निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. आत्महत्येचा प्रयत्न करून आलेल्या १८६७ लोकांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार दिले. दुसऱ्या गटाला त्याशिवाय घरी जाताना तासभर समजावून सांगितलं आणि नंतर दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या आणि अकराव्या आठवड्याला, मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्याला. दीड वर्षानंतर पहिल्या गटात आत्महत्येने गेलेल्यांचं प्रमाण २.२ टक्के होतं, दुसऱ्यात ०.२. नवं औषध नाही, यंत्र नाही. कुणीतरी नऊ वेळा "कशी आहेस" विचारलं.

मी हे वाचलं ते नोकरीच्या चौथ्या वर्षी, आणि त्याच वर्षी माझ्याकडून चूक झाली. एक मुलगी हसून, माझा हात हातात घेऊन घरी गेली. मी एकच नंबर लिहून घेतला होता, वडिलांचा. पहिल्या आठवड्यात फोन बंद. दुसऱ्या आठवड्यात बंद. पत्ता म्हणून केसपेपरवर फक्त गावाचं नाव. शेवटी त्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून आशाताईंचा नंबर मिळवला, त्या घरोघर विचारत गेल्या. मुलगी मामाकडे होती, ठीक होती. पण ते एकोणीस दिवस मी रोज सकाळी पेपर उघडायला घाबरत होते. तेव्हापासून मी तीन नंबर घेते. घरचा एक, मुलाला ज्याच्याशी बोलावंसं वाटतं त्याचा एक, आणि गावच्या आशाताईंचा एक.

त्या नऊ फोनांसाठी माझी दोनशे पानी वही आहे. महिन्याच्या अहवालात किती पेशंट तपासले, किती समुपदेशन सत्रं झाली, याचे रकाने असतात. घरी गेलेल्या मुलाला केलेल्या फोनाला रकाना नाही. मी तीनदा लेखी मागितला. मिळालेला नाही.

---

रानजाई

ताई, माझ्या प्रश्नासाठी एवढं लिहिलंत, आभार. दोनदा वाचलं. मी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतेय, शेवटचं वर्ष. घरचे म्हणतात की रोज असलं ऐकून तू स्वतःच आजारी पडशील. खरंच असं होतं का? आणि पुढे काय शिकावं लागेल?

---

दवाखाना

मानसोपचार शाखेतला डॉक्टर आहे, आता खासगी. ओसरीताईंनी लिहिलेलं सगळं मान्य. डॉक्टरच्या बाजूने थोडी भर.

मूल अचानक विचित्र वागायला लागलं, की ते मानसिकच आहे असं धरून चालू नका. सोळा वर्षांचा मुलगा, चार दिवसांपासून झोप नाही, भिंतीशी बोलतोय, घरच्यांना ओळखत नाही. अशा वेळी ताप होता का, डोकं दुखत होतं का, फिट आली होती का, काही नशा केली का, हे आधी. मेंदूला सूज येण्याचे काही आजार हुबेहूब मनोविकारासारखे दिसतात आणि त्यांत वेळ फार मोलाचा असतो. माझ्या शिकाऊ काळात असाच एक मुलगा "सायकियाट्री केस" म्हणून आमच्याकडे ढकलला गेला होता. आमच्या सरांनी मान ताठ झालीय का ते तपासलं आणि त्याच पावली परत पाठवला. त्या सरांमुळे तो वाचला.

दुसरं, आवरत नाही म्हणून मुलाला इंजेक्शन दिलं आणि काही तासांनी मान एका बाजूला वाकडी झाली, जीभ बाहेर आली, डोळे वर गेले, तर घाबरू नका, पण लगेच परत आणा. काही औषधांचा हा दुष्परिणाम आहे, तरुण मुलग्यांत जास्त दिसतो, आणि त्यावरच्या औषधाने थोड्याच वेळात उतरतो. हे घरच्यांना आधी सांगितलेलं नसतं आणि मग ते आयुष्यभर सगळ्याच गोळ्यांना घाबरतात. दोष सांगायला विसरणाऱ्याचा आहे.

---

पाटीपेन्सिल

कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, तालुक्याच्या गावी. आमच्याकडे समुपदेशक नाही. मागच्या वर्षी अकरावीच्या एका मुलीने वहीच्या मागच्या पानावर जे लिहिलं होतं ते मला दिसलं. मी तिला स्टाफरूममध्ये बसवलं आणि पुढे काय करायचं ते मला कळेना. ती म्हणाली, "मॅडम, कुणाला सांगणार नाही म्हणा, मग सांगते." मी "नाही सांगणार" म्हणाले. ते आजही टोचतं. अशा वेळी शिक्षकाने करायचं काय? नुसतं "तज्ज्ञांकडे पाठवा" सांगू नका, तज्ज्ञ साठ किलोमीटरवर आहेत.

---

ओसरी

पाटीपेन्सिल, तुम्ही तिला बसवलंत आणि उठून गेला नाहीत. मोठा भाग तिथेच झाला.

गुप्ततेचं वचन मात्र देऊ नका. मी मुलांना असं सांगते: "तू सांगशील ते मी वर्गात, गावात, कुणाच्या तोंडी जाऊ देणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं, किंवा कुणी तुला त्रास देतंय असं कळलं, तर मी एकटी ते पोटात ठेवणार नाही. कुणाला सांगायचं ते आपण दोघी मिळून ठरवू." मुलं हे ऐकून गप्प होतील असं वाटतं. बहुतेक वेळा उलट होतं. कुणीतरी खरं सांगतंय हे त्यांना कळतं.

दुसरी बाजू कायद्याची. मुलीने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं कुणालाही बंधनकारक आहे. शिक्षकालाही, डॉक्टरलाही, मलाही. न कळवल्यास शिक्षा आहे. माझ्या अनुभवात हा सगळ्यात कठीण क्षण असतो, कारण मुलीने विश्वासाने सांगितलेलं असतं आणि त्रास देणारा अनेकदा घरातलाच असतो. मी तिला आधी सांगते, मग कळवते. तिच्या पाठीमागे कधीच नाही. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन केला की बालकल्याण समितीपर्यंतची वाट ते लोक दाखवतात.

त्या दिवशी काय करायचं, तर एकटं सोडू नका, बाथरूमला जातानाही मैत्रीण नाही तर शिक्षिकाच सोबत. वर्गात किंवा स्टाफच्या ग्रुपवर काही टाकू नका. पालकांना फोनवर सगळं सांगू नका, "तब्येत बरी नाही, घ्यायला या" एवढंच, आणि आल्यावर समोरासमोर. वडील हात उचलतील असं वाटलं तर आधी आई, मावशी, आजी, जी मऊ असेल तिला गाठा. तोपर्यंत स्पीकर लावून मुलीसोबत १४४१६ ला बोला. तिने काही करून घेतलं असेल, अगदी थोडं, आणि ती बरी दिसत असली तरी, १०८ आणि जवळचं सरकारी रुग्णालय. "बरी दिसते" यावर कधीच विसंबायचं नाही.

समुपदेशकाचं म्हणाल तर जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षण संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा असं त्यात आहे. तो निकाल छापून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा. मी खरंच सांगतेय. कागद समोर असला की "बघू" म्हणणं अवघड होतं.

---

थेम्सकाठ

मूळची सातारची, गेली नऊ वर्षं लंडनमध्ये मुलांच्या क्रायसिस टीममध्ये मानसोपचार नर्स. ओसरी, तुझं स्टूल ओढून बसणं वाचलं आणि भरून आलं. मी इथे तेच करते, फक्त स्टूल प्लास्टिकचं आहे.

इथली बरी गोष्ट म्हणजे टीम असते. नर्स, सामाजिक कार्यकर्ते, मानसशास्त्रज्ञ, डॉक्टर. इंग्लंडमध्ये २०२४ पासून १११ ला फोन करून दोन दाबलं की मानसिक आणीबाणीच्या माणसाशीच थेट बोलता येतं. पूर्वी पोलीस अशा मुलांना सुरक्षित जागा म्हणून कोठडीत ठेवू शकत. डिसेंबर २०१७ पासून अठराखालच्यांसाठी ते पूर्ण बंद झालं. घरी सोडल्यावर सात दिवसांच्या आत भेट, हा आमच्या टीमचा नियम. फोनांना रकानाही आहे!

पण बेड मिळत नाही. मुलांच्या मानसोपचार वॉर्डात जागा होईपर्यंत मूल अपघात विभागात नाहीतर बालरोग वॉर्डात थांबतं, कधी कधी दिवसच्या दिवस, आणि जागा मिळते ती घरापासून शंभर मैलांवर. आठवड्याला एकदा आई येऊ शकते. तेव्हा मला आपल्याकडचा वॉर्ड आठवतो. आई कॉटखाली चटई टाकून झोपलेली, डब्यातला भात दोघींत वाटून खाल्लेला. त्या वॉर्डात गोंगाट असतो, घाण असते, पण मूल एकटं नसतं.

एकदा एका मराठी कुटुंबाची केस आली. दुभाषा फोनवर होता, मुलीला दुभाषा करायचं नाही असा आमचा नियम. आई दुभाष्याशी नुसतं "हो" आणि "नाही" बोलत होती. मी मराठीत म्हटलं, "काकू, चहा घेतलात का?" आणि त्या बाई रडायला लागल्या. मग तासभर बोलल्या. त्यांची भीती एवढीच होती, "सरकार पोरीला काढून घेईल का?" तीन आठवडे त्या भीतीने त्यांनी फोन उचलला नव्हता.

---

ओसरी

थेम्सकाठ, आई सोबत थांबते हे आपल्या कायद्यातही आहे. २०१७ च्या कायद्याचं कलम ८७ अठराखालच्यांच्या भरतीबद्दल आहे. पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ सोबत हवं, मुलीसोबत वडील असतील तर बाईमाणूस नेमायला हवं, मुलांना मोठ्यांपासून वेगळं ठेवायला हवं, आणि भरती केल्यावर ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायला हवं.

"वेगळं ठेवायला हवं" इथे आमचं घोडं अडतं. आमचा बालरोग वॉर्ड बारा वर्षांपर्यंतच घेतो. मग पंधरा वर्षांची मुलगी मेडिसिनच्या स्त्री वॉर्डात आणि मुलगा पुरुष वॉर्डात, शेजारी दारू सुटताना बरळणारा पन्नाशीचा माणूस. एका मुलाने मला विचारलं होतं, "मी पण असाच होणार का?" त्या रात्री सिस्टरांनी त्याची कॉट नर्सिंग स्टेशनला लावून घेतली. कायदा पाळला गेला तो असा, एका सिस्टरच्या मनाने.

---

बापमाणूस

या धाग्यावर लिहू की नको, चार दिवस विचार केला.

माझा मुलगा, बारावी, नीटची तयारी. पुढचं सांगत नाही. तो वाचला. आता बीएस्सीला आहे, शेतीत रस आहे.

ओसरीताई, तुमच्यासारख्याच एक मॅडम आम्हाला फोन करायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो, "आम्ही विसरायचा प्रयत्न करतोय, तुम्ही कशाला आठवण करून देता." त्या शांतपणे म्हणाल्या, "बरं, पुढच्या गुरुवारी करते." केला. मुलगा कधी फोनवर यायचा नाही. पण गुरुवारी जेवताना विचारायचा, "फोन आला होता का?" मी हो म्हणालो की एक भाकरी जास्त खायचा. हे माझ्या बायकोच्या लक्षात आलं, माझ्या नाही.

त्या मॅडम अकरा महिन्यांच्या कंत्राटावर होत्या. कंत्राट संपलं, नव्या कुणी आल्या नाहीत. शेवटचे दोन फोन त्यांनी स्वतःच्या मोबाईलवरून केले.

---

रानजाई

बापमाणूस काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला.

---

केळफूल

मी दुसऱ्या बाजूने सांगते, राग मानू नका.

मी सतरा वर्षांची असताना अशाच एका वॉर्डात चार दिवस होते. आता एकतीस वर्षांची आहे, मुलगा आहे, बरी आहे. मलाही फोन यायचा. आमचं एकत्र कुटुंब, घरात एकच फोन. तिसऱ्या वेळी तो काकूने उचलला. पलीकडच्या बाईंनी रुग्णालयाचं, विभागाचं नाव सांगून माझी चौकशी केली. संध्याकाळपर्यंत वाड्यातल्या सगळ्यांना कळलं. वडिलांनी तोपर्यंत "कावीळ झाली होती" असं सांगितलं होतं. पुढचं वर्षभर मला कुणी एकटीला स्वयंपाकघरातही उभं राहू दिलं नाही, आणि माझ्या बहिणीची ठरत आलेली सोयरीक मोडली ती माझ्यामुळे, असं मी किती वर्षं ऐकलं.

फोन करणाऱ्या बाईंचा हेतू चांगला होता. पण नऊ फोन म्हणजे नऊ वेळा घराचं दार वाजवणं. आत कोण आहे ते आधी विचारलंत का?

---

ओसरी

केळफूल, राग कसला. दोन दिवस तुमचाच प्रतिसाद डोक्यात आहे.

मी फोनवर "दवाखान्यातली ताई बोलतेय" म्हणते, विभागाचं नाव घेत नाही. मला वाटायचं तेवढं पुरे. पण "फोन दुसऱ्या कुणी उचलला तर मी कोण म्हणून सांगू?" हे मी एकाही मुलाला कधी विचारलेलं नाही. अकरा वर्षांत. काल एका मुलीला पहिल्यांदा विचारलं. ती लगेच म्हणाली, "शिवणक्लासच्या मॅडम म्हणा. आणि दुपारी तीनला करा, तेव्हा आजी झोपते." तिच्याकडे उत्तर तयार होतं. मीच विचारलं नव्हतं.

मी शिवणक्लासची मॅडम नाही, त्यामुळे तसं म्हणणार नाही. खोटं मला नको आणि एकदा पकडलं गेलं तर तिचंच नुकसान. आम्ही ठरवलं की मी फक्त माझं नाव सांगेन आणि "नंतर करते" म्हणून ठेवेन. तीनची वेळ मात्र लिहून घेतली.

तुमच्या बाबतीत जे झालं त्याचं वाईट वाटतं. तुमच्या बहिणीची सोयरीक तुमच्यामुळे मोडली नाही.

रानजाई, तुझं उत्तर राहिलं. वैद्यकीय मानसशास्त्र किंवा मानसोपचार सामाजिक कार्य यांतलं दोन वर्षांचं एम.फिल. हा आजवरचा रस्ता. पुण्यात ससूनच्या आवारातल्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेत, बंगळूरला निम्हान्समध्ये वगैरे. एम.फिल.चं स्वरूप आता बदलतंय, म्हणून प्रवेशाआधी संस्थेत जाऊनच चौकशी कर. नर्सिंग केलेल्यांसाठी मानसोपचार शुश्रूषेचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे.

आजारी पडशील का? मी पडले होते. सहाव्या वर्षी मला झोप येईना, घरात भाताचा कुकर वाजला तरी दचकायचे. आमच्याच विभागप्रमुखांनी मला बसवून तेच प्रश्न विचारले जे मी मुलांना विचारते. तीन महिने औषधं घेतली, रात्रीचे कॉल बंद केले. आता आठवड्यातून दोनच रात्री घेते, आणि अवघड केसनंतर रेसिडेंट, सिस्टर, मावशी आणि मी, चौघं चहा घेतल्याशिवाय घरी जात नाही. एकटीने करायचं असेल तर येऊ नकोस. सोबत माणसं असतील अशी जागा शोध आणि ये.

---

मोगरा_सिस्टर

ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे मानसोपचाराचं कुणीच नाही, महिन्यातून एकदा जिल्ह्याची टीम येते. मुलं मात्र येतात. घरी सोडताना तुम्ही जो कागद लिहून घेता त्याचं काही इथे सांगाल का? मी डिस्चार्ज कार्डासोबत देईन.

---

ओसरी

सिस्टर, जरूर. ही पद्धत माझी नाही, सुरक्षा आराखडा म्हणून जगभर वापरतात. मी आमच्या मुलांच्या बोलीत बसवलीय. मुलाने स्वतःच्या हाताने लिहायचं, आपण फक्त विचारायचं. लिहिता येत नसेल तर चित्रं काढू द्या. शुद्धलेखन सुधारू नका.

आधी विचारते, "डोक्यात तसलं यायला लागलं हे तुला कशावरून कळतं?" कुणी लिहितं, कानात गरम होतं. कुणी लिहितं, दार लावून घ्यावंसं वाटतं. मग, "कुणाला न बोलावता, तेव्हा तू काय करू शकतोस?" इथे मोठ्यांच्या सूचना चालत नाहीत. एका मुलाने लिहिलं होतं, "गोठ्यात जाईन. म्हशीला चारा घालीन. ती खाईपर्यंत तिथेच बसेन." त्याहून चांगलं मला सुचलं नसतं. मग, "तेवढ्याने भागलं नाही तर कुणाजवळ जाऊन नुसता बसशील?" आणि त्यापुढे, "कुणाला खरं काय ते सांगशील?" ही दोन माणसं वेगळी असू शकतात. त्याखाली नंबर, तुमच्या रुग्णालयाचा आणि १४४१६.

घर सुरक्षित करायचं बोलणं मुलासमोर, पण मोठ्यांशी. फवारणीची औषधं, आजोबांच्या गोळ्या, असं जे काही असेल ते कुलपात, किल्ली एकाच माणसाकडे, आणि तो माणूस कोण ते नावानिशी. "ठेवतो" म्हणाले की "कुठे ठेवता? आज कुठे आहे?" हेही विचारा. शेतकऱ्याच्या घरात हे सगळं खोपटात नाहीतर कॉटखाली असतं. शक्य असेल तर काही महिने शेजाऱ्याकडे किंवा चुलत्याच्या घरी ठेवायला सांगा. तीव्र इच्छेची वेळ बऱ्याचदा थोडी असते, तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर मूल त्यातून पार होतं.

आता केळफूल यांच्यामुळे आणखी दोन ओळी वाढवल्यात. फोन किती वाजता करू. दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगू.

आणि सगळं लिहून झाल्यावर शेवटी, "हा कागद ठेवणार कुठे?" दप्तर नको, घरचे तपासतात. कपाट नको, भावंडं उघडतात. कालच्या मुलीने बराच विचार केला, कागदाची बारीक घडी केली आणि मोबाईलच्या कव्हरच्या आत सारली.